मॅच तेरा, विजय अकरा, टीम एकच!

सांगोला. हे नाव वाचल्यावर तुमच्या डोक्यात पहिल्यांदा काय वाजलं? नव्वद टक्के लोकांच्या डोक्यात 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हेच वाजलं असणार. जून 2022 मध्ये शिवसेनेतलं बंड सुरू असताना गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर बोलले, क्लिप बाहेर आली आणि दोन दिवसांत ती रिंगटोन झाली, मीम झाली, टी-शर्टवरही आली. ऑफिसच्या ग्रुपवर तुम्हीही ती फॉरवर्ड केली असेल.

पण सोलापूर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्याची जुनी ओळख अगदी वेगळी आहे. याच सांगोल्याने एका माणसाला तब्बल अकरा वेळा आमदार केलं. तेही एकाच पक्षातून आणि एकाच मतदारसंघातून. या माणसाने आयुष्यात कधी दुसऱ्या पक्षाचं तिकीट घेतलं नाही. हॉटेलात लपून बसायची वेळ तर त्याच्यावर कधी आलीच नाही. त्यांचं नाव गणपतराव देशमुख. तालुक्यासाठी मात्र ते कायम 'आबासाहेब'.

30 जुलै 2021 रोजी सोलापुरात, वयाच्या 94 व्या वर्षी आबासाहेब गेले. तेव्हा टीव्हीवर 'साधा माणूस', 'एसटीने फिरणारा आमदार' अशा पट्ट्या फिरल्या. ते खरंही होतं. पण नुसत्या साधेपणावर कुणी अकरा वेळा निवडून येतं का हो? साधी माणसं तर तुमच्या-आमच्या बिल्डिंगमध्येही असतात, त्यांना सोसायटीच्या निवडणुकीतही मतं पडत नाहीत! मग आबासाहेबांनी हे जमवलं कसं? आणि अकरा वेळा जिंकणारा हा माणूस दोनदा हरला, तो का?

पहिली एंट्री : 1962

गणपतरावांचा जन्म 10 ऑगस्ट 1926 चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील. पुण्यात कॉलेजच्या दिवसांत ते शेतकरी कामगार पक्षाकडे, म्हणजे शेकापकडे ओढले गेले. आज 'शेकाप' म्हटल्यावर अनेकांना रायगड आठवतो, काहींना काहीच आठवत नाही. पण एकेकाळी हा पक्ष काँग्रेसचा खरा प्रतिस्पर्धी होता. 1947 मध्ये शंकरराव मोरे, केशवराव जेधे अशा मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून तो काढला. पुढे जेधे स्वतः काँग्रेसमध्ये परत गेले. म्हणजे पक्ष सोडून जाण्याची परंपरा शेकापमध्ये अगदी संस्थापकांपासूनच होती!

1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1962 मध्ये नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक आली. काँग्रेसने 264 पैकी 215 जागा मारल्या. शेकापला मिळाल्या 15. त्या पंधरांत सांगोल्याचा हा पस्तिशीतला वकील होता. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आबासाहेबांची आमदारकीची शेवटची टर्म संपली 2019 मध्ये, तेव्हा मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस. फडणवीसांचा जन्म 1970 चा. ते जन्मले तेव्हा आबासाहेब दुसरी टर्म करत होते!

स्कोअरकार्ड

1962 – विजय
1967 – विजय
1972 – पराभव
1974 – पोटनिवडणुकीत विजय
1978, 1980, 1985, 1990 – विजय
1995 – पराभव
1999, 2004, 2009, 2014 – विजय

तेरा निवडणुका, अकरा विजय. महाराष्ट्रात हा विक्रम आहे. देशातलं मोजायचं तर एम. करुणानिधी तमिळनाडूत 13 वेळा निवडून आले, पण त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळमध्ये के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा जिंकले. आबासाहेब या क्लबमधले. फरक इतकाच की करुणानिधी मुख्यमंत्री होते, मणी अनेक वर्षं अर्थमंत्री होते आणि आबासाहेब जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकांवर होते.

हा मुद्दा जरा नीट लक्षात घ्या. विरोधी आमदार म्हणजे निधीसाठी रांगेत शेवटचा. मतदारांना 'सत्तेत असतो तर हे केलं असतं' असं सांगायची सोय, पण दाखवायला हातात कमी. असा माणूस एकदा निवडून येऊ शकतो, लाटेत दोनदाही येऊ शकतो. अकरा वेळा येतो तेव्हा लोकांना त्याच्याकडून दुसरं काहीतरी मिळत असतं.

मग मिळत काय होतं?

पहिलं म्हणजे तो भेटायचा. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण तुम्ही शेवटचं तुमच्या आमदाराला फ्लेक्सवर सोडून कुठे पाहिलंय, आठवा. आबासाहेब एसटीने फिरायचे. एसटीत आमदारांसाठी एक सीट राखीव असते. आपण तिथे निवांत बसतो, कारण त्या सीटवर हक्क सांगायला कुणी आमदार येतच नाही. सांगोल्याच्या गाडीत यायचा! आणि एसटीत बसलेल्या आमदाराला शेजारचा माणूस थेट विचारू शकतो, 'आबासाहेब, आमच्या रस्त्याचं काय झालं?' मध्ये पीए नाही, काळी काच नाही. महिन्यातून दहा वेळा असा प्रवास म्हणजे फुकटात चालणारा फीडबॅक सर्व्हे. तुमच्या मार्केटिंग हेडला विचारा, अशा सर्व्हेचे किती पैसे पडतात.

दुसरं म्हणजे रोजगार. सांगोला हा कमी पावसाचा पट्टा. माण नदी नावाला नदी, वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा ठिकाणी आबासाहेबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. गंमत म्हणजे सांगोला हा काही कापसाचा तालुका नव्हे. लोकांनी वेड्यात काढावं अशीच कल्पना! पण राज्यातल्या एकेक सहकारी सूतगिरण्या गाळात जात असताना सांगोल्याची गिरणी चालत राहिली, तिचं नाव झालं, पुढे महिलांची वेगळी सूतगिरणीही निघाली. सहकारी संस्था काढायची, ती बुडवायची आणि त्यावर पुढची निवडणूक लढवायची, हा खेळ महाराष्ट्राने पोटभर पाहिलाय. त्यामुळे गिरणीचं धुराडं चालू असणं हाच इथे जाहीरनामा ठरला.

तिसरं, विधानसभेत बसणं. अक्षरशः बसणं! प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, विधेयकावरची चर्चा ही कामं कॅमेऱ्यात फारशी येत नाहीत. त्यात दिवस घालवावा लागतो, कागद वाचावे लागतात. शेती, सहकार, पाणी आणि रोजगार हमी हे आबासाहेबांचे विषय. रोजगार हमी योजना 1972 च्या भीषण दुष्काळात राज्यभर पोचली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. दिल्लीने देशभरासाठी असा कायदा केला 2005 मध्ये. दुष्काळी तालुक्याच्या आमदारासाठी ही योजना म्हणजे किती कुटुंबांची चूल पेटणार याचा हिशोब.

याच योजनेला जोडून 1990 मध्ये राज्याने फळबाग लागवडीची योजना आणली. म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या रानात झाडं लावायची आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची. सांगोल्याने ती संधी पकडली. कमी पाण्यावर येणारं डाळिंब इथल्या हलक्या जमिनीला मानवलं. पुढे ठिबक आलं, शेततळी आली. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली, ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारपर्यंत. पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉन्फरन्सने तिला झेंडा दाखवला. हे सगळं एका आमदाराचं श्रेय नाही, ते शेतकऱ्यांचंच. पण योजना मुंबईत मंजूर होते आणि रानात पोचते, त्यामधला रस्ता कुणीतरी चालावा लागतो.

दोन वेळा सत्ता

सत्ता आबासाहेबांना अगदीच नको होती असं नाही. ते दोनदा मंत्री झाले. 1978 मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून पुलोदचं सरकार आणलं, त्यात शेकाप होता. फेब्रुवारी 1980 मध्ये केंद्राने ते बरखास्त केलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आबासाहेब पुन्हा निवडून आले.

दुसऱ्यांदा 1999 मध्ये. काँग्रेस आणि राष्ट्रवादीला सरकारसाठी छोट्या पक्षांची गरज होती. शेकापचे पाच आमदार होते. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव देशमुख दिसले. (आडनाव एक, नातं काही नाही. विलासराव लातूरचे, मराठा. आबासाहेब धनगर समाजातले.) 2002 मध्ये शेकापने या सरकारचा पाठिंबा काढला आणि पक्षासोबत तेही बाहेर पडले.

इथे एक हिशोब मांडून बघा. पाच आमदारांच्या पक्षातला ज्येष्ठ मंत्री. सगळीकडून बोलावणी येऊ शकतील असं वजन. मोठ्या पक्षात गेले असते तर पुढची पंधरा वर्षं लाल दिवा ठरलेला. 1985 चा पक्षांतरबंदी कायदाही आडवा आला नसता, कारण 2003 पर्यंत पक्षातले एक तृतीयांश आमदार फुटले तर ते चालायचं. पाचाचे एक तृतीयांश म्हणजे फक्त दोन! तरी ते हलले नाहीत. 2004 मध्ये शेकापचे निवडून आलेच दोन आमदार. त्यातले एक आबासाहेब.

हरले तेव्हा

आता पराभवांकडे येऊ. 1972 ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर लगेच झाली होती. इंदिरा गांधींची लाट होती. राज्यात काँग्रेसच्या 270 पैकी 222 जागा आल्या आणि शेकाप 7 वर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले. म्हणजे हा पराभव राज्यभरातल्या लाटेचा होता.

1995 ची गोष्ट वेगळी. राज्यात युतीची हवा होती, पण सांगोल्यात आबासाहेबांना हरवलं ते काँग्रेसच्या तरुण उमेदवाराने. नाव, शहाजीबापू पाटील! हो, तेच ते. फरक किती, तर फक्त 192 मतांचा. तेहतीस वर्षांच्या राजकारणाला 192 मतांनी ब्रेक लागला. एका मध्यम आकाराच्या हाउसिंग सोसायटीत याहून जास्त मतदार असतात.

त्यावेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते. कुणालाही वाटलं असतं, संपलं आता. रिटायर्ड होऊन आठवणी लिहायचं वय. पण 1999 मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि तिथून सलग चार वेळा जिंकले. 2012 मध्ये विधिमंडळातल्या प्रवासाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्या पक्षांनी मिळून त्यांचा सत्कार केला.

2014 ची निवडणूक तर खासच. मोदी लाट ऐन भरात, राज्यात चारही मोठे पक्ष एकमेकांविरुद्ध आणि उमेदवार अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. आबासाहेब सुमारे 25 हजार मतांनी जिंकले. दोघांची ही टक्कर जवळपास पाव शतक चालली. त्यात एकाचा पक्ष बदलत गेला, दुसऱ्याचा राहिला.

सगळं गोड गोड?

नाही. अकरा वेळा निवडून देणाऱ्या तालुक्याच्या तक्रारीही तेवढ्याच जुन्या आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी पाण्याची. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबत आबासाहेबांनी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून सातारा, सांगली आणि सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात न्यायची योजना 1996 मध्ये सुरू झाली. पण योजना सुरू होणं आणि शेवटच्या गावाच्या पाटात पाणी येणं यात वर्षानुवर्षांचं अंतर पडलं. जो विशीत पाण्याच्या मोर्चाला गेला, तो चाळिशीतही वाटच बघत होता. 'पन्नास वर्षं आमदार असून पाणी का नाही?' हा प्रश्न विरोधक प्रत्येक निवडणुकीत विचारायचे आणि तो चुकीचा नव्हता. कायम विरोधी बाकावर राहण्याची किंमत नेत्याबरोबर तालुकाही मोजतो.

दुसरी तक्रार, पुढची फळी. इतका मोठा काळ एकच चेहरा राहिला की मागचे कार्यकर्ते मागेच राहतात. 2019 मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी आबासाहेब थांबले, तेव्हा पक्षाचं तिकीट मिळालं नातवाला, अनिकेत देशमुखांना. घराणेशाहीविरुद्ध बोलणाऱ्या डाव्या पक्षालाही घरातलाच उमेदवार सापडला. निकाल? शहाजीबापू 768 मतांनी विजयी. पुन्हा एकदा सोसायटीएवढा फरक.

2021 मध्ये आबासाहेब गेले, 2022 मध्ये गुवाहाटी झालं आणि 2024 ची निवडणूक आली. या वेळी शेकापकडून दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. समोर शिंदेंच्या शिवसेनेकडून शहाजीबापू आणि ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे. म्हणजे आघाडीतल्या मित्रपक्षानेही उमेदवार दिलेला. तरी बाबासाहेब सुमारे 25 हजार मतांनी निवडून आले. अख्ख्या राज्यात शेकापची ही एकमेव जागा. लोकांनी आबासाहेबांच्या आठवणीला मत दिलं, गुवाहाटीला उत्तर दिलं की मतविभागणीचा तो खेळ होता? तिन्ही थोडं थोडं असणार. धनगर समाजाची मोठी संख्या हेही एक कारण सांगितलं जातं. पण समाजाची संख्या 1995 मध्ये आणि 2019 मध्येही होतीच की. तरी शेकाप हरला.

आपल्याला काय त्याचं?

हिंजवडीत, खराडीत, पवईत बसून सांगोल्याची निवडणूक का वाचायची? कारण एक आकडा. 192.

सोलापूर जिल्ह्यातली किती मुलं आज पुण्यात नोकरी करतात, तुमच्याच टीममध्ये बघा. त्यातल्या अनेकांचं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे. बुधवारी मतदान, गुरुवारी डिलिव्हरेबल, गाडीचं बुकिंग नाही, जाऊ दे. आणि ज्यांची नावं शहरात आहेत त्यांचं काय? 2024 च्या विधानसभेला राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झालं, पण मुंबईतल्या कुलाब्यात निम्म्याहून कमी. सांगोल्यासारख्या तालुक्यात 192 आणि 768 मतांवर आमदार ठरतो, कारण तिथे लोक उन्हात रांगा लावतात. आपण त्या दिवशी लोणावळ्याला असतो आणि सोमवारी 'राजकारण किती घाण झालंय ना' म्हणून कॉफी पितो.

आबासाहेबांसारखा माणूस आपोआप तयार होत नाही. त्याला एसटीत अडवून प्रश्न विचारणारे लोक लागतात, कामाचा हिशोब ठेवणारे लोक लागतात आणि वेळ आली की 192 मतांनी घरी बसवणारे लोकही लागतात. 1995 चा तो पराभव विसरू नका. ज्या तालुक्याने त्यांना देवघरात बसवलं असं आपण म्हणतो, त्याच तालुक्याने त्यांना नापासही केलं होतं.

होमवर्क : फक्त पंधरा मिनिटं

– तुमच्या विधानसभा मतदारसंघाचं आणि आमदाराचं नाव गूगल न करता सांगता येतंय का बघा. (चीटिंग नको!)
– निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर मतदार यादीतलं स्वतःचं नाव शोधा. घर बदललं असेल तर फॉर्म 8, पहिल्यांदाच नोंदणी असेल तर फॉर्म 6. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, गाव की शहर हे एकदा ठरवून टाका.
– प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते सगळ्यांना वाचायला खुलं असतं. नवीन फोन घेताना रिव्ह्यू वाचता तेवढा वेळ त्याला द्या.
– आणि पुढच्या वेळी एसटीने गावी जाल तेव्हा आमदारांच्या राखीव सीटवर खुशाल बसा. पण ती रिकामी का असते, हा प्रश्न तुमच्या आमदाराला एकदा विचारून बघा.